रीसेट फेल झालं तरी ड्रायव्हरने गप्प बसायचं?

उंबरठा
परवा लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरवर (नेटवर्क कार्डाची चिप चालवणाऱ्या कोडवर) चर्चा चालली होती, त्यात एका महाभागाने लिहिलंय, "चिप रीसेट करणाऱ्या फंक्शनचं उत्तर तपासत बसू नका, फेल झालं तर वॉचडॉग येऊन परत रीसेट करतोच." वर लोकांचं 'सहमत, सहमत'. राहवलं नाही.

वॉचडॉग, म्हणजे पाठवणी अडकली का हे बघणारा लिनक्सचा टायमर, येतो कधी? कॅरिअर (केबलवर लिंक) असेल, ट्रान्समिटची रांग अडकलेली असेल आणि ड्रायव्हरने वेगळी मुदत दिली नसेल, तर ५ सेकंदांनी. ओपनमध्येच, म्हणजे इंटरफेस चालू करतानाच, रीसेट गंडलं तर कॅरिअरच येत नाही, मग वॉचडॉग कशाला झक मारायला येतोय? इंटरफेस 'अप' दिसतो आणि पॅकेट एक जात नाही.

आमच्याकडचं सांगतो. चालू मशीनमध्ये कार्ड पीसीआय बसवरून गळालं. अशा वेळी कुठलंही रजिस्टर वाचा, बत्तीसच्या बत्तीस बिट १ येतात. आमचा ड्रायव्हर रीसेटनंतर 'रेडी' बिट १ व्हायची वाट बघायचा. पहिल्याच वाचनात १! झालं रीसेट, वाजवा टाळ्या! पुढे मॅक ॲड्रेस (कार्डाचा पत्ता) वाचला तर सगळे एफएफ, म्हणजे परत सगळे बिट १. तो वैध आहे का हे बघणारी एक ओळ कुणीतरी लिहून ठेवली होती म्हणून कळलं.

म्हणून एरर वर द्या. आधी चालू केलेले क्लॉक, आयआरक्यू (इंटरप्ट), नॅपी (आलेली पॅकेट उचलणारी यंत्रणा) उलट्या क्रमाने सोडा आणि ओपनमधून सरळ 'ईटाइमडआउट' (मुदत संपल्याचा एरर) परत करा.

रात्रपाळी
'वर द्या' म्हणजे कुणाला रे बाबा? आमचा नेटवर्कचा डबा घाटमाथ्यावर, टॉवरच्या खाली. पावसाळा, रात्रीचे दोन. ड्रायव्हरने अगदी तुझ्यासारखी शिस्त पाळली. रीसेट फेल, इंटरफेस डिटॅच, लॉगमध्ये सुंदर ओळ. ती वाचायला डब्यात शिरायचा रस्ता तोच एक इंटरफेस होता! जीप केली, चिखल तुडवत गेलो, पॉवर काढून लावली, चालू. नंतर टेबलावर बघितलं तर दुसऱ्या प्रयत्नात रीसेट होत होतं. शिस्त तुझी, जीपचं भाडं माझं.

आणि मोठ्यांचं बघ. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरमध्ये हार्डवेअर इनिट फेल झालं तर 'हार्डवेअर एरर' एवढं छापतात आणि पुढे चालू. रीसेटचं फंक्शनच व्हॉइड आहे, काही परतच देत नाही, एरर देणार कुठून?

उंबरठा
मोठ्यांनी केलं म्हणून बरोबर? आणि रिट्राय करू नका असं मी कुठे म्हटलं ते दाखव.

जुना खिळा
रीसेट फेल का होतं हे विचारा की आधी. एसटीएममॅक ड्रायव्हरचा 'फेल्ड टू रीसेट द डीएमए' हा एरर बघितलाय ना सगळ्यांनी? रीसेटचा बिट लिहायचा, चिपने तो आपण होऊन शून्य करायचा. पण त्यासाठी तिचे सगळे क्लॉक जिवंत लागतात, आणि आरजीएमआयआय जोडणीत आरएक्स (येणाऱ्या डेटाचा) क्लॉक येतो फायकडून, म्हणजे केबलशी बोलणाऱ्या शेजारच्या चिपकडून. फाय झोपला की बिट शून्य होत नाही. करा हजार रिट्राय.

आम्हाला तीन आठवडे झोडलं, 'ड्रायव्हर नीट लिहा' म्हणून. शेवटी मीच ऑसिलोस्कोप मागून आणला. फायच्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर सरळ रेघ! शेजारचे दोन कपॅसिटर बसवलेच नव्हते. बोर्डवाले म्हणाले, "हो का?"

टाका
वा! खापर फोडायला बोर्डवाले आहेतच. आमच्याकडे उलटं झालंय. फायची रीसेट पिन ॲक्टिव्ह लो (शून्य दिलं की रीसेट), डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कसं जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) साहेबांनी लिहिलं ॲक्टिव्ह हाय. बिचारा फाय कायम रीसेटमध्ये दाबलेला. चार वेळा बोर्ड बदलून मागितले, डिव्हाइस ट्री एकदाही उघडली नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

जुना खिळा
स्कीमॅटिकमध्ये (बोर्डाच्या आकृतीत) पिनच्या नावापुढे ॲक्टिव्ह लोचा 'एन' लावला असता तर कळलं असतं.

टाका
डेटाशीट उघडली असती तरी कळलं असतं. पीडीएफ आहे, चावत नाही.

जुना खिळा
कुठली डेटाशीट? रीसेटनंतर किती थांबायचं ते एका पानावर एक, दुसऱ्या पानावर दुसरं?

रात्रपाळी
भांडा तुम्ही. उंबरठा, तुझं बत्तीस बिटांचं पटलं. आमच्या कोडमध्ये आत्ता बघितलं, 'रेडी'ची वाट बघणाऱ्या दोन जागा सापडल्या. खूश?

उंबरठा
खूश. मग मीही एक पायरी उतरतो. ओपनमध्ये लगेच एरर, पण चालू असताना फेल झालं तर वर्कक्यूमधून (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेतून) तीन प्रयत्न, दर वेळी दुप्पट थांबून. सगळे बिट १ आले तर मात्र एकही नाही, कार्डच नाहीये तिथे. आणि अनंत रिट्राय नकोच. डेव्हलिंक हेल्थमध्ये (बिघाड नोंदवून सावरणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) ग्रेस पीरियड उगाच नाही दिलाय. त्या मुदतीत परत बोंब आली तर आपोआप रिकव्हरी होत नाही.

रात्रपाळी
तीन? घाटात ये एकदा. तीस कर.

उंबरठा
दहा. आणि प्रत्येक प्रयत्नाची ओळ लॉगमध्ये.

टाका
तो 'एन' आमच्या स्कीमॅटिकमध्ये होता, आत्ता उघडून बघितलं. पान ७.

उंबरठा
अहो, धागा ड्रायव्हरच्या रीसेटचा आहे.

जुना खिळा
मग पिन कसली आहे? पान ७ चा फोटो टाका, त्याशिवाय मी मानत नाही.