चालताना खुबा आणि गुडघा यांच्या समन्वयाचं सातत्य एका आकड्यात कसं काढायचं?

प्रश्न
ट्रेडमिलवर, एकाच वेगाने, खुबा आणि गुडघा यांचे कोन १०० हर्ट्झने (सेकंदाला १०० वेळा) नोंदवले आहेत. टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक चक्र धरून प्रत्येक चक्र १०१ बिंदूंवर आणलं. प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा पसारा) काढलं की दोन सांध्यांचं वेगवेगळं मिळतं. हवं आहे ते जोडीचं सातत्य, ० ते १ मध्ये.

उत्तर १
टेपावॅक आणि फील्ड-फोट या संशोधकांच्या २००१ च्या सदिश पद्धतीतला दिशेचा भाग वापरा. आडव्या अक्षावर खुबा, उभ्यावर गुडघा. लागोपाठच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेची दिशा काढा (उताराची दिशा काढणारं एटॅन-टू हे फलन वापरा, साध्या आर्कटॅनमध्ये चतुर्थांश हरवतो). मग प्रत्येक टप्प्यावर (लागोपाठच्या दोन बिंदूंमधला भाग) सगळ्या चक्रांच्या कोसाइनची सरासरी, साइनची सरासरी, आणि दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. दिशा दर चक्राला तीच असेल तर १, विखुरलेली असेल तर शून्याकडे. १०० टप्प्यांची सरासरी म्हणजे तुमचा आकडा. कोनांची थेट सरासरी घेऊ नका: ३५९° आणि १° यांची १८०° येते, नेमकी उलट दिशा!

उत्तर २
यात एक सापळा आहे. टाच टेकण्याच्या सुमारास दोन्ही सांधे जवळजवळ थांबतात, रेषा अगदी तोकडी होते आणि तिची दिशा मार्करची (नोंदीसाठी अंगावर चिकटवलेल्या खुणांची) थरथर ठरवते. चाल उत्तम असूनही तिथे आकडा पडतो. म्हणून आधी चौथ्या क्रमाचा बटरवर्थ लो-पास फिल्टर (जलद थरथर गाळणारा), ६ हर्ट्झ, पुढून आणि मागून. तोही चक्रं कापण्याआधी, नाहीतर टोकं वाकतात. शिवाय प्रत्येक टप्प्याला रेषेच्या सरासरी लांबीइतकं वजन द्या. मात्र मग पाय हवेत असतानाची गुडघ्याची जलद हालचाल वरचढ ठरते, तेव्हा १०० टप्प्यांचा आलेखही सोबत दाखवाच. आणि वर सांगितलेला भाग फक्त दिशा पाहतो. हालचाल कधी मोठी, कधी छोटी, पण प्रमाण तेच असेल तरी १ येतो. लांबीतला फरक वेगळा मोजावा लागतो.

प्रश्नकर्ता
काही जणांची ५ चक्रं आहेत, काहींची ३०. चालेल?

उत्तर ३
तुलनेसाठी नाही. दिशा पूर्ण यादृच्छिक असल्या तरी ५ चक्रांत सरासरी सुमारे ०.४ येते, ३० मध्ये ०.१६. सगळ्यांची चक्रं सारखी घ्या. टाच टेकण्याचा क्षणही तपासा: १०० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे १० मिलिसेकंद, चक्राचा जवळपास १%. तो क्षण मागेपुढे झाला की वक्र सरकतो आणि गुडघा दिशा बदलतो तिथे खोटी विसंगती दिसते. बलपट्टी (पायाचा दाब मोजणारी पट्टी) नसेल तर त्रिकास्थीवरच्या (माकडहाडाच्या लगेच वरच्या हाडावरच्या) मार्करच्या तुलनेत टाचेचा मार्कर सर्वात पुढे असतो तो क्षण धरा.