मदत हवी आहे: ॲसिडच्या एसडीएसमध्ये (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनासोबत येणारा सुरक्षा माहितीचा कागद) गर्भावरच्या परिणामापुढे 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं असेल तर काय समजायचं?

टायट्रेशनवाली
नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

भोसरीतल्या एका छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये (धातूवर मुलामा चढवतात तिथे) मी लॅब बघते. लॅब म्हणजे एक ब्युरेट, एक पीएच मीटर आणि मी. सेफ्टीचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात, कारण बीएस्सी केमिस्ट्री मी एकटीच.

लाइनवरच्या एका मुलीला तिसरा महिना लागलाय. तिने आधी मला सांगितलं, मी मालकांच्या कानावर घातलं. मालक माणूस चांगला. दुसऱ्याच दिवशी तिला पिकलिंगवरून (धातू ॲसिडमध्ये बुडवून साफ करण्याच्या कामावरून) काढून आत स्टोअरला बसवलं. 'ॲसिडचा वास नको, बसून पावडरी मोजू दे' म्हणाले. तरी मनाला चैन नाही म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोड्याच्या एसडीएस काढल्या. एका पुरवठादाराच्या कागदावर प्रजनन विषाक्ततेपुढे (मूल होण्यावर आणि गर्भावर होणारा घातक परिणाम) 'माहिती उपलब्ध नाही', दुसऱ्याच्या कागदावर त्याच ॲसिडला 'वर्गीकरणाचे निकष पूर्ण होत नाहीत'. खरं कोणतं धरायचं? आणि मुळात, जे अंगावर पडलं की भाजतं, ते गाभण उंदराला देऊन तपासतात तरी कसं?

घाटपायथा
एवढं काय मनावर घेताय! माझी वहिनी सातव्या महिन्यापर्यंत गॅल्व्हनायझिंगला जात होती, मुलगा आता दहावीला आहे, ठणठणीत.

उंदीरमामा
वहिनींचं छान झालं, पण एका मुलावरून चाचणी होत नाही.

टायट्रेशनवाली, मी दहा वर्षं टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये गाभण उंदरिणी सांभाळल्यात, म्हणून लिहितो. 'माहिती उपलब्ध नाही' म्हणजे कुणी पाहिलंच नाही, किंवा (हे जास्त वेळा) कागद बनवणाऱ्याने शोधलंच नाही. दुकानदार 'आमच्याकडे नाही' म्हणाला म्हणून वस्तू बाजारातच नाही असं होत नाही, तसंच हे. 'निकष पूर्ण होत नाहीत' असं लिहिलं असेल तर कुणीतरी निदान विचार केलाय. दोन्हींपैकी एकाचाही अर्थ 'सुरक्षित' असा नाही.

आता चाचणीचं. गर्भासाठीची ठरलेली पद्धत म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४१४ नंबरची चाचणी. गर्भ रुजला की तेव्हापासून रोज डोस, मग प्रसूतीच्या थोडं आधी गर्भाशय उघडून पिल्लांची वजनं, हाडं, अवयव बघायचे. दर गटात साधारण वीस गाभण माद्या. वरचा डोस असा हवा की आईला थोडा त्रास होईल, पण ती दगावणार नाही. ॲसिड घोळ घालतं ते इथेच. नळीने पोटात दिलं की आधी अन्ननलिका आणि जठर पोळतं. जठर पोळलेली उंदरीण खात नाही, तिचं वजन उतरतं, पिल्लं हलकी निघतात, हाडं भरायला उशीर होतो. हे रसायनाने केलं की उपासाने? आमच्याकडे यावरून तास-तास वाद व्हायचे आणि बरेचदा उत्तर निघायचं नाही.

युरोपच्या 'रीच' या रसायनांच्या कायद्यात तर स्पष्ट म्हटलंय की भाजेल अशा तीव्रतेचा डोस जिवंत प्राण्यांना देणं टाळा. मग पर्याय काय? पातळ करून द्यायचं. किंवा ॲसिडऐवजी त्याचं मीठ (सॉल्ट, खायचं मीठ नव्हे) द्यायचं: फॉर्मिक ॲसिडला सोडियम फॉर्मेटच्या माहितीचा आधार घेतात, कारण शरीरात गेल्यावर दोन्हीकडे फॉर्मेटच उरतं. आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा, की हे रक्तात पोचतं का? कॉस्टिकच्या बाबतीत युरोपातल्या आणि ओईसीडीच्या मूल्यमापनात हाच मुद्दा आहे. नेहमीच्या वापरात ते शरीरभर पसरत नाही, म्हणून गर्भापर्यंत किंवा प्रजनन अवयवांपर्यंत पोचेल अशी अपेक्षा नाही. जिथे लागलं तिथे जाळून ते संपतं. हायड्रोक्लोरिकचंही तेच. क्लोराइड तर आपल्या रक्तात आधीपासूनच भरपूर असतं.

पण हा नियम सगळ्या ॲसिडांना लावू नका. हायड्रोफ्लोरिक भाजतं आणि फ्लोराइड आतही शिरतं. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये येणारं इमिडाझोल दाहक आहे आणि युरोपात गर्भाला घातक म्हणूनही नोंदलेलं आहे. क्रोमिक ॲसिडवर धोक्याचा कोड एच ३१४ (भाजणं) आहे, शिवाय एच ३६१ (प्रजननक्षमतेला धोक्याची शंका) आणि कॅन्सरचाही शिक्का. त्यामुळे प्रत्येक नाव वेगळं तपासा.

निकेलकाका
पोरी, मामांनी छान सांगितलं. पण मला एक सांग, स्टोअरमध्ये ती कुठल्या पावडरी मोजते?

टायट्रेशनवाली
काका, निकेलच्या टाकीच्या. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड, बोरिक ॲसिड. आठवड्यातून दोनदा मेकअपसाठी (टाकीत कमी झालेली रसायनं भरायला) वजन करून पिशव्या भरते. का हो?

निकेलकाका
तीच तर गोम आहे. चौतीस वर्षं निकेल केलं, ॲसिडला सगळे घाबरतात कारण ते झोंबतं. निकेलची हिरवी पावडर आणि बोरिक झोंबत नाही, म्हणून कोणी हातमोजे घालत नाही. बोरिक तर आपण लहानपणी कॅरमवर फासायचो.

उंदीरमामा
स्टोअरमधल्या पावडरींचं माझं वाचायचं राहिलंच, चूक माझी. निकेल सल्फेट आणि बोरिक, दोन्ही युरोपात प्रजननाला घातक म्हणून १बी गटात (माणसालाही घातक असं धरून चालायचं, तो गट) आहेत. बोरिकने उंदरांत नरांच्या वृषणांवर आणि पिल्लांच्या वजनावर परिणाम दिसले. निकेल सल्फेटबाबत जन्माच्या आसपास पिल्लं दगावली. म्हणजे मालकांनी चांगल्या मनाने तिला कमी घातक ठिकाणाहून जास्त घातक ठिकाणी बसवलंय.

घाबरवू नका तिला. बोरिकचा हिशेब सांगतो. उंदरांत पिल्लांचं वजन घटलं नाही असा वरचा डोस, बोरॉन धरून, दिवसाला किलोमागे ९.६ मिलिग्रॅम. बोरिक ॲसिडमध्ये तो साधारण ५५ मिलिग्रॅम होतो. ५५ किलोच्या बाईला म्हणजे रोज तीन ग्रॅम. उंदरावरून माणसावर येताना नेहमीप्रमाणे शंभराने भागलं तर तीस मिलिग्रॅम. तीन ग्रॅम कोणाच्या पोटात जात नाही, पण बिनमास्क पिशव्या भरून, त्याच हाताने डबा खाल्ला तर तीस मिलिग्रॅम काही लांब नाही. आणि पोटातलं मूल वाढवताना आपण 'बहुतेक काही होणार नाही' वर थांबत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. नावावरून शोधू नका, कॅस नंबरवरून (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) शोधा आणि युरोपियन केमिकल्स एजन्सीच्या साइटवर पडताळा. बोरिकचा १००४३-३५-३. निकेल सल्फेटच्या पिशवीवर बहुधा १०१०१-९७-० असेल, तो पाण्याचे सहा रेणू धरलेल्या स्फटिकाचा. एजन्सीच्या यादीत ते ७७८६-८१-४ खाली सापडतं. मी स्वतः यात एकदा फसलोय.

टायट्रेशनवाली
आज सकाळी मालकांकडे गेले. कॅरमच्या पावडरीवर त्यांचा विश्वासच बसेना, तीन वेळा स्क्रीन दाखवली. तिला फायनल इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला घेतलंय. स्टोअरच्या पोराला पी-२ मास्क आणि मोजे, आणि वजन करायचं ते एक्झॉस्टखाली.

पण अजून एक आहे. तिचा नवरा हार्ड क्रोममध्ये (क्रोमचा जाड मुलामा चढवण्याच्या कामात) आहे, दुसऱ्या कंपनीत. ॲनोड (टाकीतल्या विजेच्या पट्ट्या) घासायचं काम त्याच्याकडे आहे म्हणते. घरी येऊन कपडे हीच धुते.

निकेलकाका
हार्ड क्रोमचे ॲनोड शिशाचे असतात. ब्रशने घासताना जी पिवळी पावडर उडते ती लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोम एकाच वेळी. ते कपडे घरी न्यायचेच नाहीत. शॉपवर बदलायचे, तिथेच धुवायला टाकायचे, अंघोळ करून मग घरी. ॲनोड कोरडे कधी घासू नयेत, ओले ठेवून घासावेत.

उंदीरमामा
काकांना दुजोरा. शिसं नाळेतून बाळाकडे जातं. दोघांचीही रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. आणि तिने डॉक्टरांना नवऱ्याचं काम सांगितलंय का?

टायट्रेशनवाली
नाही, डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. गुरुवारी तिची तपासणी आहे, मी चिठ्ठीवर लिहून देते.