चर्चच्या मंडळीत निरोप पोहोचवायचे कसे? मदत हवी आहे

सर्वांना सलाम. आमची मंडळी ४० जणांवरून ३०० च्या पुढे गेली, निरोपांची पद्धत मात्र तीच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपासनेची बदललेली वेळ शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडली जाते. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) करून पाहिली. तिच्यात २५६ च नंबर बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज जातच नाही. (हे कळायला आम्हाला दोन महिने लागले!) पाळकसाहेब (आमचे पास्टर) म्हणतात व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र जोडणारी सोय, उघडा; वडीलजनांना (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना) उपासनेतली तोंडी सूचनाच पुरेशी वाटते.

मला खरी काळजी प्रार्थना-विनंत्यांची आहे. कुणाचं आजारपण सगळ्यांच्या मोबाइलवर जावं का? तुमच्याकडे अशा विनंत्या पाठवण्याआधी कोण पाहतं? आणि स्मार्टफोन नसलेल्या आजी-आजोबांना कोण कळवतं?