गल्ल्यावरचा बोलका डबा: नव्या यंत्रांत खरी दखल घ्यावी असं काय आहे?

गोदाकाठचा

शनिवारी सकाळी गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार पोरं घडीच्या फोनवरून हमरीतुमरीवर आली होती. किती वेळा मिटला की पडद्यावर वळी पडते, असा काहीसा वाद. तेवढ्यात गल्ल्यावरचा, यूपीआयने पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा बोलला, "दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले." मालक दोन्ही हातांनी पाव मोजत होता. मान वर न करता तो नुसतं "बरं" म्हणाला. डब्याला!

त्या 'बरं'वरून हा धागा काढतोय. गेल्या दहा वर्षांत आपल्या हाताशी जी काही नवी यंत्रं आली, त्यांत मला हा डबा सगळ्यात हुशार वाटतो. यूपीआय २०१६ साली आलं. पैसे आले की नाही याचा पुरावा सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या फोनवर असायचा आणि घोळ तिथेच व्हायचा. हिरवी खूण दाखवणारी बनावट ॲपं निघाली, कालचा स्क्रीनशॉट आज दाखवणारे बहाद्दर निघाले. डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. निरोप पैसे गोळा करणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून थेट येतो, गिऱ्हाइकाच्या फोनचा त्यात संबंधच नाही. भांडणाची जागाच काढून टाकली. शिकायचं काही नाही, बघायचं काही नाही, हात पिठाचे असले तरी चालतात.

दुसरं उदाहरण आपल्या नाशिकचंच. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०१५ च्या कुंभाच्या आधी, कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधायला कुंभथॉन नावाची कार्यशाळा भरली. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळचे नाशिकचे, तिच्यामागे होते. त्यातून इथल्या विद्यार्थ्यांनी एक चटई केली. माणसं तिच्यावरून चालत जातात, पावलं मोजली जातात, गर्दी कुठे दाटतेय ते कळतं. भाविकाला ॲप नको, चार्जिंग नको, आपण एखादं यंत्र वापरतोय हे कळायचीही गरज नाही.

उलट आपण ज्याला 'ट्रेंड' म्हणतो ते बघा. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, जुलैत रील्स आले, सप्टेंबरात शॉर्ट्स. पाटी बदलली, माल तोच. न संपणारं पान २००६ साली आझा रास्किन यांनी काढलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही केला. आपण अजून अंगठा वर सरकवतोय.

तर माझा दावा असा की जे यंत्र माझे डोळे मागत नाही तेच पुढे टिकेल. बोला.

सिडकोची सई

काका, डोळे न मागणारं यंत्र येऊन गेलं आणि आपटलंही. ह्युमेन कंपनीची एआय पिन आठवते? छातीला लावायची, तिच्याशी बोलायचं, फारच अडलं तर ती तळहातावर लेझरने अक्षरं पाडायची. किंमत ६९९ डॉलर, वर दर महिन्याला २४ डॉलर. २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या हातात पडली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला तिचे सर्व्हर बंद झाले. एचपीने कंपनीचा बराच भाग घेतला, पिन मात्र घेतली नाही. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या शर्टाला एक महागडा चौकोनी खडा उरला.

तुमचा डबा चालला तो पडदा नाही म्हणून नाही. त्याला एकच काम आहे आणि ते तो करतो, म्हणून चालला. पिनला सगळीच कामं करायची होती. दोन गोष्टींची गल्लत करू नका.

बाकी मिसळ खाताना शेजारच्या टेबलावर कान ठेवता, हे काही चांगलं नाही. त्या चौघांत मी नव्हते हे आधीच सांगून ठेवते.

येवलेकर

'पडद्याने वाटोळं केलं' हे वाक्य शहरातल्या माणसाला परवडतं.

आमच्या घरी तीन माग आहेत. पूर्वी पैठणी विकायची म्हणजे दुकानदाराच्या दारात बसायचं, तो म्हणेल तो भाव घ्यायचा. आता बायको व्हिडिओ कॉलवर पदर उलगडून दाखवते. उलटी बाजू दाखवते, कारण हातमागाची ओळख तिथेच पटते. नागपूरची बाई येवल्याला न येता साडी घेते. आता सांगा, काठावरचा मोर कानाने कसा दाखवायचा?

पडद्याचीही खोड आहे, नाही असं नाही. फोनचा कॅमेरा उजेड बघून रंग आपल्या मनाने बदलतो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी निळा दिसायला लागतो, घरी पार्सल उघडलं की भांडण. आम्ही तोड काढली आहे: साडीशेजारी पांढरा कोरा कागद ठेवायचा आणि कागद पांढरा दिसेपर्यंत जागा बदलत राहायची. दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी दहाच्या सुमारास. हे कुठल्या कंपनीने शिकवलं नाही. दोन साड्या परत आल्या तेव्हा कळलं.

आणि त्या नावं ठेवलेल्या रील्सवरूनच माझ्या भाच्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. असो.

खटका

अंबडच्या कारखान्यात, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर अठरा वर्षं काढलीत. दोघंही चुकताय. डोळे नाहीत, कान नाहीत. बोट!

मशीनच्या शॉपमध्ये आवाज इतका असतो की शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही, म्हणून डबा बाद. हातमोज्याला मशीन थंड ठेवणारं कूलंट लागलेलं असतं, म्हणून काचेचा पडदा बाद. मशीनवर लाल छत्रीचं इमर्जन्सी बटण असतं. ते न बघता, घाबरलेल्या हातानेही सापडतं. एकदा दाबलं की आत अडकून राहतं, सोडवायला मुद्दाम पिळावं लागतं. हे ज्याने ठरवलं त्याला माणूस कळत होता.

गाड्यांचं बघा. २०२२ मध्ये एका स्वीडिश मासिकाने ताशी ११० किलोमीटरने गाड्या चालवत नेहमीची चार कामं करून पाहिली, एसी-रेडिओसारखी. बटणांची २००५ सालची व्होल्वो १० सेकंदांत मोकळी झाली. पडद्याच्या एका नव्या एमजीला ४४.६ सेकंद लागले, तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. म्हणजे आपल्या उड्डाणपुलावर द्वारका चौकापाशी एसीशी झटापट सुरू केलीत तर मुंबई नाका जवळ येईपर्यंत तुमचं लक्ष रस्त्यावर नाही. अमेरिकेची 'जॉन मॅकेन' युद्धनौका २०१७ मध्ये सिंगापूरजवळ टँकरवर आदळली, १० खलाशी गेले. चौकशीत स्पर्शपडद्यावरच्या नियंत्रणांचा गोंधळही पुढे आला. २०१९ मध्ये नौदलाने जाहीर केलं की वेग वाढवायला-कमी करायला पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवणार. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय.

खटका परत येतोय, आणि तुम्ही मिसळीच्या डब्यावर चर्चा करताय.

गोदाकाठचा

सई, 'एकच काम' हा मुद्दा मान्य. तो मला सुचायला हवा होता.

येवलेकर, रंगाचं कबूल. पण तुमच्या वहिनी पडदा *वापरतात*. मी बोलतोय ते पडदा आपल्याला वापरतो त्याबद्दल. खटका भाऊ, तुमचं बटणही डोळे मागत नाही, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे आहात.

खटका

मी कुणाच्याच बाजूचा नाही. मी बटणाच्या बाजूचा.

निफाडची सून

आवाजाबद्दल इतकं चाललंय म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, पण कांदाउत्पादकांचा व्हॉट्सॲप गट त्या माझ्यापेक्षा जास्त वापरतात. २०१३ मध्ये आवाजी निरोप आला नसता तर त्यांच्यासाठी हा फोन म्हणजे नुसता आरसा होता. लासलगावला लिलाव चालू असतानाच भाव गटात येऊन पडतो, तोंडी. सासूबाई ऐकतात, हिशेब करतात आणि मग ठरतं, आज ट्रॅक्टर भरायचा की कांदा चाळीत साठवून राहू द्यायचा. तेव्हा काका, निम्मं पटलं.

उरलेलं निम्मं आता सांगते. माणसाने माणसाशी बोलणं वेगळं आणि यंत्राशी बोलणं वेगळं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून गूगलच्या जेमिनी या एआयशी मराठीत तोंडी बोलता येतं म्हणून मी हौसेने सासूबाईंना बसवलं. त्या म्हणाल्या, "गोल्टीला काय भाव?" त्याने ऐकलं 'गोळी' आणि डोकेदुखीवर सल्ला द्यायला लागला. बोलून टाइप करायला घेतलं तर 'पावणेदोन हजार'चं 'पाव ने दोन हजार' झालं. सव्वा, दीड, अडीच, पावणे: आमचा सगळा बाजार याच आकड्यांत बोलतो. माझं माहेर सटाण्याचं. तिथे आई त्याला "कसा शे भाऊ?" म्हणाली तर पुढे काय झालं ते विचारू नका. यंत्राला पुस्तकातली मराठी येते. बाजार समितीतली येत नाही, अहिराणीचं तर नावच काढू नका.

मग होतं काय, की माणूस यंत्राला कळेल असं बोलायला लागतो. सासूबाई आता फोनशी बोलताना 'गोल्टी' सोडून 'लहान आकाराचा कांदा' म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

सिडकोची सई

ताई, 'प्राप्त झाले' हेही तसंच ना? आख्ख्या नाशकात गल्ल्यावर कुणी 'प्राप्त' म्हणतं का? "आले" म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण शालिमारच्या गर्दीत डबा 'एकोणसाठ' म्हणाला की 'एकोणसत्तर', हे ओळखून दाखवा. तिथे 'साठ नऊ' असतं तर दहा रुपयांचा घोळ झाला नसता. हे लिहिल्याबद्दल मला आता शिव्या पडणार.

निफाडची सून

शिव्या नाही, पण 'साठ नऊ'ला माझा ठाम विरोध आहे. डब्याचा आवाज सुधारा, भाषा कशाला मोडता?

पंचवटीकर

दोन दिवस वाचतोय. एक गोष्ट कुणीच बोललं नाही: डबा ऐकतो कोण? सगळेच ऐकतात.

रामकुंडाकडे जाताना आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. दिवसभरात किती धंदा झाला ते आता समोरचा चहावाला माझ्याआधी सांगतो. गणपतीच्या वर्गणीला येणाऱ्या पोरांना पूर्वी "मंदी आहे" म्हणता यायचं. यंदा त्यातला एक म्हणाला, "काका, सकाळपासून ऐकतोय आम्ही." मेडिकलमध्ये बाईमाणूस काय घेते हे दुकानदार कागदात गुंडाळून लपवतो आणि डबा रक्कम चौकात सांगतो. पडदा निदान गप्प तरी बसतो.

कान-डोळ्यांचं सोडा, मला खरी भीती चष्म्याची आहे. मेटाचा कॅमेऱ्याचा रे-बॅन २०२५ च्या मे महिन्यात भारतात आला. फोन असला की समोरच्याचा हात वर जाताना दिसतो, आपण तोंड फिरवू शकतो, ओरडू शकतो. चष्म्यावर एक बारीकसा दिवा लागतो म्हणे. भर उन्हात रामकुंडावर तो दिवा कुणाला दिसणार? तिथे बायका ओल्या कपड्यांनी पाण्यातून बाहेर येतात. कुणी बापाच्या अस्थी सोडत असतं. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे. गोदाकाठचे साहेब, हे यंत्रही तुमचे डोळे मागत नाही. इतरांचे न विचारता घेतं, एवढंच. तुमच्या कसोटीला ते उतरलं की.

गोदाकाठचा

हे लागलं. 'डोळे मागत नाही' एवढी कसोटी पुरत नाही, मान्य करतो. तुमच्या दुकानातला डबा मग बंद केलात का?

पंचवटीकर

नाही ना! वडिलांना कमी ऐकू येतं आणि गल्ल्यावर तेच बसतात. पडद्यावरचे आकडे त्यांना दिसत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. त्यांनी डबा रिकाम्या पितळी पातेल्यात ठेवलाय. पातेलं घुमतं, ते काठावर हात ठेवून बसतात. ऐकतात की हाताला कळतं, मला माहीत नाही. पण रक्कम चुकत नाहीत. चहावाल्याला मात्र आता आणखी स्पष्ट ऐकू जातं.

येवलेकर

पातेल्याचा फोटो टाका राव.

सिडकोची सई

फोटो कशाला, आवाज पाठवा. धाग्याला शोभेल.

गोदाकाठचा

आज पुन्हा मळ्यात जाऊन आलो. मालकाला विचारलं, त्या दिवशी डब्याला 'बरं' का म्हणालात? त्याला काही आठवेना. मग तक्रारीच निघाल्या. त्या बाजूला रेंज धड नाही, त्यामुळे दुपारचे अडकलेले पाच निरोप एकदा रात्री अकराला ओळीने वाजले. डबा उशाशी होता, घरातली सगळी दचकून उठली. मधे दोन महिने तो मुका होता, तरी कंपनीने भाडं कापलं, फोन केला की रेकॉर्ड वाजते. आणि आवाज कमी करायला जे रबरी बटण आहे ते दाबून दाबून आत गेलंय. त्याला रेडिओला असायची तशी गोल फिरवायची चकती हवी आहे.

खटका भाऊ, बसवून मिळेल का?

खटका

डबा घेऊन या रविवारी. चकती बसेल. वॉरंटी जाईल, भाडं मात्र चालू राहील.