मदत हवी आहे: इंग्रजी अहवालातल्या ‘क्रो’चं मराठी, आज रात्रीपर्यंत

येरळाकाठ:
एका इंग्रजी अहवालाचं मराठी करतोय. त्यात ‘क्रो’ आलाय. कावळा घातला तर वाक्याला काही अर्थच राहत नाही. शब्दकोशात ढीगभर अर्थ दिलेत, त्यातला कुठला घ्यायचा? उद्या सकाळी गावात वाचून दाखवायचंय. जाणकारांनी पटकन सांगा.

माहुलीकर:
पूर्ण वाक्य टाका की राव. नुसत्या शब्दावरून काय सांगणार?

मिरजेचा ठेकेदार:
अहवाल म्हणजे सामानाची यादी असणार. क्रोबार म्हणजे पहार. जुन्या इंग्रजीत पहारीला नुसतं ‘क्रो’सुद्धा म्हणायचे. पहार लिहा आणि मोकळे व्हा.

सुतारकाम:
टोक वाकडं आणि मधे फाटलेलं असेल तर ती कटावणी. पहार सरळ असते.

मिरजेचा ठेकेदार:
आमच्याकडं एस्टिमेटमध्ये क्रोबार म्हणजे पहारच धरतात. कटावणीनं खड्डा खणून दाखवा मग बोलू.

इंग्रजीच्या बाई:
‘ईट क्रो’ असेल. अमेरिकेतला वाक्प्रचार आहे, नाक मुठीत धरून आपली चूक कबूल करणे. ब्रिटिश माणूस तिथं ‘हंबल पाय’ खातो. ‘क्रो ओव्हर’ असेल तर दुसऱ्याच्या हारीवर फुशारक्या मारणे. तिथं मात्र कावळा नाही, कोंबडा आहे, कारण आरवण्यालाही इंग्रजीत ‘क्रो’च म्हणतात. ‘क्रोज फीट’ म्हणजे डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. ‘क्रोज नेस्ट’ म्हणजे जहाजाच्या डोलकाठीवरची टेहळणीची जागा.

येरळाकाठ:
बाई, यातलं एकही बसत नाही. साखर कारखान्याचा अहवाल आहे.

माहुलीकर:
हे आत्ता सांगताय! वाक्य टाका हो.

येरळाकाठ:
नवीन कारखान्याची जागा जुन्या कारखान्यापासून ‘ट्वेंटी सिक्स किलोमीटर्स ॲज द क्रो फ्लाइज’. आणि खालच्याच ओळीत ३४ किलोमीटर दिलंय. खरं कुठलं?

माहुलीकर:
दोन्ही खरी. २६ हे सरळ रेषेतलं, ३४ रस्त्याचं. पाखराला घाट नाही, पूल नाही, वळसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोयनेच्या जलाशयातून बामणोलीहून तापोळ्याला लाँचनं जा आणि मग गाडीनं सातारा, मेढा, महाबळेश्वर करत जा, फरक लगेच कळेल.

गुरुजी, विटा:
‘कावळ्याच्या उड्डाणाने’ असं लिहावं. मूळ भाषेची गोडी राहते.

ऊसवाला, वाळवा:
गुरुजी, माफ करा, पण गावात हे कुणाला कळणार? कारखान्याच्या कागदावर ‘हवाई अंतर’च म्हणतात. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतराची अट आली, महाराष्ट्रानं ती २५ केली. आता २६चा आकडा का दिलाय ते बघा. गावातली माणसं सवयीनं रस्त्याचं अंतर धरतात आणि ३४ ऐकून निवांत होतात. इथं प्रश्न एका किलोमीटरचा आहे.

इंग्रजीच्या बाई:
हवाई म्हटलं की विमान आठवतं. ‘सरळ रेषेत’ जास्त स्पष्ट.

ऊसवाला, वाळवा:
‘हवाई अंतर’ हा शब्द शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे बाई. कारखान्यांच्या अंतराच्या एवढ्या मोठ्या भांडणात सापडलेला शब्द आहे तो.

पक्षीवेडा, सातारा:
मुळात कावळा सरळ उडतच नाही. घिरट्या घालतो, मधेच बसतो. शिवाय विलायतेतला कावळा निराळा. आपला गावकावळा करड्या मानेचा, डोमकावळा पूर्ण काळा.

कृष्णामाई:
कावळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, शेवटी दर्भाचा करून शिववला. हे चालतं ना?

माहुलीकर:
चालतं ताई. संगम माहुलीलाही असंच करतात. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

शेतीमित्र:
स्केअरक्रो म्हणजे बुजगावणं. कुणी सांगितलंच नाही.

येरळाकाठ:
असं लिहितो: ‘जुन्या कारखान्यापासून हवाई अंतर (सरळ रेषेत) २६ किमी, रस्त्याने ३४ किमी.’ चालेल?

ऊसवाला, वाळवा:
चालेल. पण २६ कुणी मोजलं ते अहवालात आहे का बघा. आदेशानुसार सर्व्हे ऑफ इंडियाची मोजणी धरतात. दाखला जोडलेला नसेल तर उद्या वाचायच्या आधी मागून घ्या.