मदत हवी आहे : व्हिंटेज एमजीबीला अलॉय चाकं, मागे घासतायत

लेस्टर_मुक्काम :
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. माझी १९७१ ची एमजीबी जीटी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तारांची चाकं काढून मिनीलाइट धाटणीची १५ इंची अलॉय बसवली. पुढे काही त्रास नाही. मागे मात्र खड्डा आला की घासल्याचा आवाज येतो, डावीकडे जास्त. शनिवारी सकाळी गेडनच्या मोटर म्युझियमला जायचंय, मुलीला दोन महिन्यांपासून कबूल केलंय. आज बुधवार. स्पेसर (चाक आणि हबच्या मध्ये बसणारी चकती) लावले तर सुटेल का? किती जाडीचे घेऊ? आजच मागवायला हवेत.

निगडीकर :
सुटेल. १० मिलिमीटरचे घ्या. माझ्या एस्टीमला हाच त्रास होता, टायर आत लागत होता. स्पेसर टाकले, पुढे दोन वर्षं बिनघोर चालवली.

रविवारचा_मेकॅनिक :
थांबा, काही मागवू नका. स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो. टायर आत स्प्रिंगच्या पाट्याकडे लागत असेल तर स्पेसर कामाचा. बाहेर मडगार्डच्या कडेला लागत असेल तर आणखी घासेल. कुठे लागतोय? टायरचा साइज काय? रिमची रुंदी? ईटी किती?

लेस्टर_मुक्काम :
मागे घासतंय असं लिहिलंय वर. टायर नवे कोरे आहेत. चाकं एमजीबीचीच म्हणून घेतली, चारही भोकं बरोबर बसली. मला फक्त स्पेसरची जाडी हवी आहे.

जुनं_ते_सोनं :
एक दुरुस्ती. १९७१ ची गाडी व्हिंटेज नव्हे, क्लासिक. व्हिंटेज म्हणजे १९३० च्या अखेरपर्यंत बनलेली. इंग्लंडातला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब हीच मर्यादा पाळतो. धाग्याचं नाव बदलता आलं तर बघा.

कोथरूड_ते_कशेडी :
भारतात तसं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज. मात्र ती मूळ रूपात हवी. त्यामुळे अलॉय लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

रविवारचा_मेकॅनिक :
ते इंग्लंडात लेस्टरला आहेत हो, कसलं आरटीओ.

भोकं बरोबर बसली याचा अर्थ पीसीडी, म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला, एवढाच. एमजीबीचा ४ गुणिले ११४.३, म्हणजे चार भोकं, ११४.३ मिलिमीटर. डॅटसन २४०झेडचाही तोच, आपल्या मारुती ८०० चाही तोच. म्हणून त्यांची चाकं एमजीबीला चालतील असं होत नाही. ईटी म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर. आकडा मोठा तर चाक आत, लहान तर बाहेर. चाक काढलंत की आरांच्या मागच्या बाजूला कोरलेला सापडेल. तेवढा वाचून सांगा.

निगडीकर :
कड बाहेर येत असेल तर मडगार्डची ओठणी आत ठोकून घ्या. लाकडी हातोडा आणि हीट गन, अर्ध्या तासाचं काम.

रविवारचा_मेकॅनिक :
५० वर्षांच्या पत्र्यावर? त्या ओठणीत दोन पत्रे जोडलेले असतात आणि गंज पहिला तिथेच धरतो. रंग तडकला की पाणी शिरलंच. माझ्या गाडीची ती जागा दोनदा वेल्ड करून झाली आहे, म्हणून कळकळीने सांगतोय.

लेस्टर_मुक्काम :
कामावरून आल्यावर डावं मागचं चाक काढलं. १५ गुणिले ६, ईटी ८. टायर १९५/६०. खूण बाहेरच्या बाजूला आहे, मडगार्डच्या कडेची. म्हणजे स्पेसर नको, एवढं कळलं. मग आता काय करू?

रविवारचा_मेकॅनिक :
टायरचा घेर ठीक आहे. मूळ १६५ चा टायर साधारण ६२० मिलिमीटर उंच, तुमचा ६१५. अडचण ईटीची आहे. माझ्या १५ गुणिले साडेपाचवर २२ आहे आणि मागे बोट सहज जातं.

एमजीबीचे मागचे एक्सल दोन प्रकारचे. कारखान्यातून तारांच्या चाकांवर आलेल्या गाडीचा एक्सल अरुंद, कारण स्प्लाइनवाला (खाचा असलेला) हब बाहेर येतो. नटांच्या चाकांच्या गाडीचा एक्सल रुंद. म्हणून अलॉय विकणारे दोन ईटी ठेवतात, आणि कमी ईटीची अरुंद एक्सलसाठी. तुम्ही विकणाऱ्याला काय सांगितलं होतंत?

लेस्टर_मुक्काम :
गाडीला तारांची चाकं आहेत, असं सांगितलं. खरंच होतं ते.

रविवारचा_मेकॅनिक :
मग तारांची चाकं काढल्यावर खाली चार स्टड (नट बसायचे आटेवाले दांडे) कुठून आले? तारांच्या चाकांच्या हबवर स्टड नसतातच, नुसते स्प्लाइन असतात.

लेस्टर_मुक्काम :
चाकाच्या आत एक स्प्लाइनवाली तबकडी होती, चार नटांवर बसवलेली. ती काढली तर खाली स्टड दिसले. बरं झालं, हब बदलायचा खर्च वाचला असं वाटलं. हे वर लिहायला हवं होतं का?

मिलिंग_मशीनपाशी :
शिरोलीला आमचं मशीन शॉप आहे, एमजीबी मी फक्त फोटोत पाहिली आहे. पण दादा, ते वाचून राहवलं नाही. तबकडीवर तारांचं चाक बसायचं तर स्टडची टोकं मध्ये येतात. त्यामुळे तबकडी लावताना ती बऱ्याचदा कापतात. तुमच्या स्टडची टोकं करवतीने कापल्यासारखी सपाट आहेत का? नट हाताने धरल्यापासून घट्ट होईपर्यंत किती वळसे जातो, मोजून सांगा.

स्पोक_प्रेमी :
माझं मत विचाराल तर तारांचीच चाकं परत लावा. एमजीबीला ७२ तारांच्या क्रोम चाकाची शोभा कशालाच नाही. बुलेटच्या तारा मी स्वतः ओढतो, महिन्यातून एकदा सुराला लावल्या की झालं.

रविवारचा_मेकॅनिक :
शोभा मान्य. पण स्प्लाइन झिजले की गिअर टाकताना खट्ट वाजतं, मग चाक आणि हब दोन्ही बदला. तारांच्या चाकाला ट्यूबही लागते. त्यांचा प्रश्न तो नाही.

लेस्टर_मुक्काम :
टोकं सपाट आहेत, कानस घातल्यासारखी चमकतात. नट साडेचार वळसे जातो. पुढची चाकं तर व्यवस्थित आहेत, ती काढत नाही.

मिलिंग_मशीनपाशी :
गाडी चालवू नका. घासण्याचं नंतर बघू.

या गाडीचे स्टड अर्धा इंच यूएनएफ असतात ना? म्हणजे इंचाला २० आटे. स्टडच्या जाडीइतकी तरी पकड हवी हा साधा नियम, म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १० वळसे. तुमचे साडेचार. निम्म्याहून कमी आट्यांवर चाक लटकलंय. त्यात अलॉयची बैठक लोखंडी चाकापेक्षा जाड, ती स्टडची लांबी खाते. नट टोपीवाले असतील तर आत किती धरलंय ते दिसतही नाही. आणि पुढेही तबकड्या होत्या ना? मग तिथले स्टडही कापलेलेच असणार. आवाज येत नाही म्हणून ते बरे आहेत असं समजू नका.

निगडीकर :
स्टडच्या टोकाला तुकडा वेल्ड करून लांबी वाढवता येईल. आमच्या गल्लीत एक जण करतो.

मिलिंग_मशीनपाशी :
कृपा करून असला सल्ला देऊ नका. वेल्डच्या उष्णतेने स्टडला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरतं आणि तो तिथेच तुटतो. माझ्याकडे चार लेथ आहेत, तरी मी लेथवर कापलेला स्टडसुद्धा चाकाला लावणार नाही. आटे दाबून काढलेले, उष्णतेची प्रक्रिया केलेले स्टड तयार मिळतात. तेच घ्यायचे. मूळ लांबी अलॉयला पुरते का तेही मोजून. टोपीवाले नट ठेवणार असाल तर उलटही बघा, लांब स्टड टोपीच्या बुडाला टेकला तर नट घट्ट वाटेल आणि चाक सैल राहील.

लेस्टर_मुक्काम :
ताई, पुढचंही चाक काढलं. साडेपाच वळसे. सोमवारी याच चाकांवर मुलीला शाळेत सोडून आलो. मोटरवेने गेलो होतो. आता गाडी जॅकस्टँडवर आहे. गाडी ४० वर्षांपेक्षा जुनी म्हणून एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) माफ आहे, त्यामुळे खालून कोणी बघितलीच नाही. शनिवारी ट्रेनने जाऊ.

रविवारचा_मेकॅनिक :
माफ असली तरी आपणहून करून घेता येते. मी दर वर्षी करतो. विमा कंपनीलाही चाकं बदलल्याचं कळवून टाका.

मागचे स्टड बदलायचे तर हब काढावा लागेल, त्याला दणकट पुलर लागतो. हलका पुलर वाकेल. बर्मिंगहॅमला माझ्याकडे आहे, रविवारी घेऊन येतो.

अंधेरी_लोकल :
त्या स्प्लाइनच्या तबकड्या विकणार आहात का? मुंबईत एका एमजीबीसाठी शोधतोय.

लेस्टर_मुक्काम :
दोन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. आठही मागचे आणि आठही पुढचे स्टड नवे घातले. नट आता साडेअकरा वळसे जातो, टोपीवाले काढून उघडे घेतले. ६० फूट-पाउंडवर आवळले, ५० मैलांनी परत बघितले, हलले नव्हते. गाडी मूळची नटांच्या चाकांची, म्हणजे रुंद एक्सलची निघाली. चाकं विकणाऱ्याने ईटी २२ ची बदलून दिली, चूक माझ्या माहितीची होती. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून मोजलं. आधी डावीकडे जेमतेम ४ मिलिमीटर होतं, उजवीकडे ११. आता १८ आणि २५. दोन बाजूंत इतका फरक का?

रविवारचा_मेकॅनिक :
जुन्या एमजीबीत असं सापडतं, एक्सल एका बाजूला सरकलेला असतो. पाट्याचे यू-बोल्ट आणि रबरी बुश बघून घ्या. आत पाट्याला टायर लागत नाही ना?

लेस्टर_मुक्काम :
नाही, दोन बोटं जातात. 

अंधेरी_लोकल :
तबकड्यांचं काय ठरलं?

लेस्टर_मुक्काम :
चारही तुम्हाला देतो, पोस्टाचा खर्च तेवढा द्या. दोन उजव्या आणि दोन डाव्या आहेत, खुणा करून ठेवल्यात.

रविवारचा_मेकॅनिक :
त्या खुणा पुसू देऊ नका. उजव्या बाजूला डावे आटे असतात आणि डाव्या बाजूला उजवे, म्हणजे गाडी चालताना मधला नट आवळत जातो. माझ्या मित्राने अदलाबदल केली होती. ए४६ रस्त्यावर नट सुटून शेतात गेला, चाक तेवढं कडेला थांबलं.

अंधेरी_लोकल :
धन्यवाद. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. त्या नव्या स्टडची लांबी किती घेतलीत, तेही सांगाल का? माझ्या गाडीचेही कापलेले असतील तर आधी मोजतो.