अनुभव धागा: लोकायच्या टॅक्समधून पोरायची कॉलेज फी भरावी का?

परवा सोयाबीनच्या मळणीवर हा विषय निघाला अन दोघं भांडलेच. म्हणून धागा काढला, नुसतं मत नको, आपल्यावर काय बितलं ते सांगा. सुरुवात माह्यापासून. डिप्लोमाची फी स्कॉलरशिपमधून गेली. रूमभाडं मायनं लोकायच्या वावरात कापूस वेचून दिलं, बोंडाच्या टोकांनी नखाजवळ चिरा पडायच्या अन त्याच हातानं ती 700 रुपये दोनदा मोजायची, पण फी तिच्यानं झालीच नसती. आता माह्या पगारातून इन्कम टॅक्स जाते, त्यावर 4 टक्के आरोग्य-शिक्षणाचा सेस, मले एक रुपया जड वाटत नाही.

(दारव्हा)
माहा पोरगा दहावीनंतर शिकला नाही, ट्रॅक्टर चालवते. फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी मी भी भरतो, डिझेलवर व्हॅट भरतो, म्हणून टॅक्स फक्त नोकरीवाले भरतात हे म्हणू नका. गरिबाच्या पोराच्या फीले गेला तर आनंदच आहे भाऊ. पण त्यातून डॉक्टर झालेल्यानं काही वर्षं तरी तालुक्यात राहावं, आमच्याकडं रात्री साप चावला का यवतमाळ गाठा लागते.

(मोर्शी)
माझ्या वेळी महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा) हप्ता आला नव्हता अन कॉलेजनं हॉल तिकीट अडवलं, आधी पूर्ण फी भरा म्हणे. परीक्षा चार दिवसांवर. बाबांनी ओलं सोयाबीन तसंच व्यापाऱ्याले दिलं, क्विंटलमागं 600 रुपये कमी घेऊन. पैसे खात्यात आले पुढच्या वर्षी, तोवर सावकाराचं व्याज चालूच. सरकारनं द्यावंच, पण वेळेवर द्यावं, उशिरा आलेल्या पैशानं विकलेलं सोयाबीन परत येत नाही.

(आर्वी)
दादा इंजिनिअरिंगला होता तेव्हा ओबीसीला अर्धीच ट्यूशन फी मिळायची, बाकीच्यासाठी आईची पोत गहाण पडली. मी 2024 ला लागले, त्याच वर्षी 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. मेस आणि रूमचं मात्र घरूनच येतं. दोन मैत्रिणींना फी माफ असूनही घरच्यांनी पाठवलं नाही, कारण राहायचं कुठं. होस्टेल वाढवा हो कोणीतरी. आणि हो, आईची पोत दादानं पहिल्या पगारात सोडवली.